आधी मुलं काय टाइप करतात ते बघा

पत्र :

स. न. वि. वि.

मी एका पदवी महाविद्यालयात दोन वर्षांपासून ग्रंथपाल आहे. आमच्याकडे शोधनिबंधांचे दोन मोठे डेटाबेस, ई-पुस्तकांचा एक संच आणि काही जर्नल्सची, म्हणजे संशोधनपत्रिकांची, वर्गणी आहे. दर वर्षी पहिल्या आठवड्यात मी प्रथम वर्षाच्या मुलांसाठी दीड तासाचं ओरिएंटेशन घेते. स्लाइड्स, डेमो, शेवटी प्रश्नमंजूषा, सगळं असतं. या वर्षी १४० मुलं आली. पुढच्या तीन महिन्यांत ‘मॅडम, डेटाबेस कसा वापरायचा?’ असं विचारायला नेमकी चार जण आली. प्रकल्पांच्या संदर्भसूचीत गुगलच्या पहिल्या पानावरचे दुवे असतात. हल्ली एआयनं दिलेले, जगात अस्तित्वातच नसलेले शोधनिबंधही सापडतात. वापराचा अहवाल बघून प्राचार्य म्हणाले, ‘कोणी उघडतच नसेल, तर वर्गणी भरायची कशाला?’ मला उत्तर देता आलं नाही. मुलांना वाचायचंच नाही का? की मीच कुठे कमी पडते? एआयवर बंदी घालावी का? आणि छोटे व्हिडिओ करावेत असं एक सहकारी म्हणतात, त्याचा उपयोग होईल का?

— एक ग्रंथपाल

उत्तर :

‘मुलांना वाचायचंच नाही का’ हा प्रश्न आधी बाजूला ठेवू या. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मीही तो रोज विचारायची. त्यात एक सोय असते. दोष मुलांचा ठरला की आपल्याला आपली एकही स्लाइड बदलावी लागत नाही.

माझं ओरिएंटेशन तुमच्यापेक्षा भारी होतं. पंचाऐंशी स्लाइड्स! प्रत्येक डेटाबेसचं बोधचिन्ह, त्यात किती जर्नल्स आहेत, कोणत्या सालापासूनची आहेत, प्रगत शोध कसा करायचा, काही म्हणून सोडलं नव्हतं. एका वर्षी शेवटी ‘काही प्रश्न?’ म्हटलं, तर मागच्या बाकावरून एका मुलानं विचारलं, ‘प्रिंट कुठे काढून मिळते?’ सगळे हसले, मीही हसले. घरी जाताना मात्र लक्षात आलं, की अख्ख्या सभागृहात खरा प्रश्न त्या एकट्यालाच पडला होता. बाकीच्यांना मी त्यांना न पडलेल्या प्रश्नांची उत्तरं दीड तास ऐकवत होते.

‘माहिती साक्षरता’ हा शब्दप्रयोग पॉल झुर्कोव्स्की यांनी १९७४ साली अमेरिकेत एका अहवालात केला. पुढे १९८९ मध्ये अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या समितीनं त्याची व्याख्या केली. माहितीची गरज केव्हा आहे हे ओळखता येणं, ती शोधता येणं, पारखता येणं आणि नीट वापरता येणं. आपण ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेत ही व्याख्या पाठ करून लिहिली, पण तिचा क्रम विसरलो. गरज ओळखणं पहिलं आहे. आपलं ओरिएंटेशन थेट दुसऱ्या पायरीवर सुरू होतं. पहिल्या आठवड्यात मुलाकडे विषय नसतो, मुदत नसते, अडलेलं काहीच नसतं. तेव्हा सांगितलेलं तीन महिन्यांनी आठवावं, ही अपेक्षाच चुकीची.

म्हणून पुढच्या वर्षीच्या स्लाइड्सना इतक्यात हात लावू नका. आधी एक काम करा. ती चार मुलं आली होती ना? त्यांनाच बोलवा, प्रत्येकाला वेगवेगळ्या वेळी. म्हणावं, ‘तुझ्या प्रकल्पाच्या विषयावर दोन चांगले लेख मला शोधून दाखव.’ आणि शेजारी खुर्ची घेऊन बसा. हात मांडीवर. माऊसला शिवायचं नाही, दहा मिनिटं तोंडातून शब्द काढायचा नाही. हे वाटतं त्यापेक्षा फार अवघड आहे. मूल चुकीच्या चौकटीत टाइप करत असतं आणि आपला जीव वरखाली होत असतो. तरी गप्प राहायचं. कागदावर तीनच गोष्टी लिहायच्या : त्यानं पहिल्यांदा काय टाइप केलं, कुठे थांबला आणि थांबल्यावर काय केलं.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा पाचपैकी तीन मुलं डेटाबेसपर्यंत पोचलीच नाहीत. एकीनं लेखाचं नाव ओपॅकमध्ये टाकलं. म्हणजे पुस्तकांच्या सूचीत ती लेख शोधत होती. तिथे ‘निकाल शून्य’ आलं आणि ‘आपल्या लायब्ररीत नाही’ म्हणून तिनं पान बंद केलं. सूचीत पुस्तकं आणि जर्नल्सची नावं असतात, जर्नलच्या आतले लेख सहसा नसतात, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे मी सांगितलं होतं, तेविसाव्या स्लाइडवर.

आता कुलपाबद्दल. माझ्या अनुभवात ‘वापर नाही’ यातला बराच भाग ‘आत जाता आलं नाही’ हाच असतो. प्रकाशकाचा सर्व्हर तुमच्या विद्यार्थ्याला ओळखत नाही. तो ओळखतो महाविद्यालयाच्या नेटवर्कचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा त्याचा क्रमांक. ग्रंथालयातल्या संगणकावर तोच लेख विनासायास उघडतो, कारण त्या पत्त्याची नोंद प्रकाशकाकडे असते. रात्री अकरा वाजता घरी मोबाइल डेटावर तोच दुवा उघडला की ‘हा लेख विकत घ्या’ अशी पाटी येते. मुलाला वाटतं, आपल्या कॉलेजकडे हे नाहीच. आणि ते जातं गुगलकडे. ते निर्बुद्ध आहे म्हणून जात नाही, तिथे दार उघडं असतं म्हणून जातं.

यावर उपाय आहेत आणि कदाचित तुमच्याकडे बसवलेलेही असतील. ईझीप्रॉक्सीसारखी व्यवस्था असली, तर बाहेरची विनंती महाविद्यालयाच्या पत्त्यावरून आल्यासारखी पुढे जाते. ओपनअथेन्स किंवा शिबोलेथ असलं, तर प्रकाशकाच्या पानावर ‘संस्थेमार्फत लॉगिन’ असं बटण असतं. पण बटण असणं वेगळं आणि ते मुलाला सापडणं वेगळं. आजच एक करा. कॉलेजचं वायफाय बंद करून, स्वतःच्या फोनवर, एखाद्या विद्यार्थ्याला शेजारी बसवून त्याच्याच लॉगिननं ग्रंथालयाच्या पानापासून एका लेखाच्या पूर्ण मजकुरापर्यंत जाऊन बघा. किती वेळा बोट टेकवावं लागलं ते मोजा. मी मोजलं तेव्हा अकरा वेळा आणि दोनदा पासवर्ड. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथं सूत्र ‘वाचकाचा वेळ वाचवा’ असं आहे. आमच्या भिंतीवर ते फ्रेम करून लावलेलं होतं, त्या अकरा टिचक्यांच्या बरोबर वर.

याच संदर्भात आणखी एक बारीक गोष्ट, जी प्राध्यापकांनाही माहीत नसते. डेटाबेसमध्ये लेख उघडल्यावर वरच्या पट्टीतला पत्ता कॉपी करून वर्गाच्या ग्रुपवर टाकला, तर तो बऱ्याचदा त्या एका बैठकीपुरताच असतो. दुसऱ्या दिवशी मुलांना ‘सेशन संपलं’ एवढंच दिसतं. लेखाच्या पानावर ‘पर्मालिंक’ (न बदलणारा दुवा) किंवा डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) असतो, तो द्यायला सांगा. आणि गुगल स्कॉलर वापरणाऱ्या मुलांना त्यावरून रागावू नका. त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘लायब्ररी लिंक्स’ असा भाग असतो. ग्रंथालयानं आपली नोंद तिथे करून ठेवली असेल आणि मुलानं तिथे आपल्या संस्थेचं नाव निवडलं, तर निकालाशेजारीच तुमच्या वर्गणीतल्या लेखाचा दुवा दिसतो. मूल जिथे आधीच उभं आहे, तिथेच आपण दार काढलं, तर बिघडलं कुठे?

समजा, दार उघडलं. पुढची अडचण शब्दांची आणि मला विचाराल, तर खरं शिकवण्यासारखं इथेच आहे.

मूल प्रकल्पाचं शीर्षक जसंच्या तसं चौकटीत टाकतं. ‘मोबाइलचा विद्यार्थ्यांच्या अभ्यासावर होणारा परिणाम’, त्याचं मोडकंतोडकं इंग्रजी भाषांतर. गुगलवर हे चालतं, कारण गुगल अंदाज बांधत बसतं. जुन्या वळणाचा डेटाबेस बहुधा टाकलेले शब्द जसेच्या तसे शोधतो. ‘होणारा’सारखे शब्दही तो कामाचे समजू शकतो. शिवाय ज्या मुलांचं शिक्षण मातृभाषेतून झालं आहे, त्यांना विषय कळलेला असतो, पण त्या विषयातल्या इंग्रजी जर्नल्सची बोली माहीत नसते. ‘अभ्यास’ म्हणजे त्यांच्या मते स्टडी, आणि स्टडी टाकलं की जगातला प्रत्येक शोधनिबंध येतो, कारण प्रत्येक निबंध ‘या स्टडीमध्ये आम्ही...’ असं म्हणत असतोच. त्या क्षेत्रातले लोक ‘ॲकॅडमिक अचीव्हमेंट’ म्हणतात. शिक्षणशास्त्राच्या एरिक या डेटाबेसच्या शब्दकोशात ते अधिकृत विषयशीर्षकच आहे. वैद्यकातलं उदाहरण तर अधिकच बोलकं. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची ‘मेश’ ही शीर्षकसूची १९६० पासून आहे आणि तीत हार्ट अटॅकचे लेख ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’खाली लागतात. वैद्यकीय लेखांचा डेटाबेस पबमेड आता बिचारा हे भाषांतर स्वतःच करून घेतो. सगळे डेटाबेस इतके समजूतदार नसतात.

म्हणून शिकवताना संगणक बंद ठेवा आणि कागद घ्या. वाक्यातले बिनकामाचे शब्द खोडायचे. उरलेल्या दोन-तीन कल्पना शेजारी-शेजारी लिहायच्या. प्रत्येक कल्पनेखाली तिची दुसरी नावं : स्मार्टफोनखाली मोबाइल फोन, सेल फोन. उभ्या रांगेतल्या नावांना ‘ऑर’नं जोडायचं, आडव्या कल्पनांना ‘अँड’नं. यामागचं गणितज्ञ जॉर्ज बूल यांचं तर्कशास्त्र एकोणिसाव्या शतकातलं, पण त्याचं नाव घेऊन मुलांना घाबरवायची गरज नाही. ‘ऑर’नं जाळं रुंद होतं, ‘अँड’नं अरुंद होतं, एवढं पुरे. दोन शब्दांची जोडी अवतरणचिन्हात टाकली की ती जोडीनंच शोधली जाते. शब्दाचं मूळ लिहून पुढे तारका टाकली की त्याची सगळी रूपं येतात. ‘नॉट’ मात्र मी शिकवत नाही. नवख्या हातात ते सुरीसारखं आहे, चांगले लेखही त्यात कापले जातात.

आणि एक चांगला लेख मिळाला की शोध थांबवून त्या लेखालाच विचारायचं. त्याच्या शोधशब्दांत काय लिहिलंय? संदर्भसूचीत कोण आहे? म्हणजे मागे जाता येतं. ‘साइटेड बाय’वर गेलं की नंतर कोणी त्याचा आधार घेतला हे दिसतं, म्हणजे पुढे जाता येतं. यूजीन गारफिल्ड यांच्या संस्थेनं १९६४ मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स, म्हणजे कोणत्या लेखाचा आधार कोणी घेतला याची सूची, काढला तो याच पुढे जाण्यासाठी. मुलांना मी सांगते, प्रत्येक लेख म्हणजे कुणाला तरी दिलेलं उत्तर आहे. आधी कोण बोललं आणि नंतर कोण बोललं ते बघा. एका मुलीनं त्यावर म्हटलं होतं, ‘म्हणजे ग्रुपचं चॅट वर स्क्रोल करायचं!’ याहून चांगली व्याख्या मला अजून सुचलेली नाही.

(वाचायचं कसं, हेही जाता जाता सांगून टाका. मुलं शोधनिबंध कादंबरीसारखा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतात आणि संशोधनपद्धतीच्या भागात बुडतात. सारांश, प्रस्तावनेचा शेवट, मग निष्कर्ष. तेवढं वाचून लेख कामाचा वाटला, तरच मधलं.)

चार जण आली म्हणून तुम्हाला वाईट वाटतंय. पण उरलेल्या १३६ मधली बरीच जण अडली असतील आणि तरी आली नसतील. कॉन्स्टन्स मेलन यांनी १९८६ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठातला दोन वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा हजार विद्यार्थी होते त्यात. ग्रंथालयाशी पहिला सामना कसा वाटला, हे सांगताना ७५ ते ८५ टक्के विद्यार्थ्यांनी भीतीची भाषा वापरली होती. त्यामागची कारणं अशी होती : बाकीच्यांना हे येतं आणि मलाच येत नाही, हे न येणं लाजिरवाणं आहे आणि प्रश्न विचारला तर ते उघड होईल. मेलन यांनी याला ‘ग्रंथालयाची धास्ती’ म्हटलं. तेव्हा कार्डांचे खण होते, आता लॉगिनच्या चौकटी आहेत. धास्ती तीच. आजच्या मुलांना तर ‘तुम्ही मोबाइलवरच वाढलात, तुम्हाला काय शिकवायचं’ असं ऐकवून आपणच ती वाढवतो. रील्स बघता येणं आणि शोधनिबंध शोधता येणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

त्यामुळे ‘अडचण असेल तर या’ ही पाटी काढा. ती काउंटरच्या आतल्या माणसाच्या सोयीची आहे. तुम्हीच वर्गात जा.

कोणत्या वर्गात? ज्या प्राध्यापकांनी नुकताच प्रकल्प दिला आहे आणि ज्याची मुदत तीन-चार आठवड्यांवर आहे, त्यांच्या. त्यांच्याकडे चाळीस मिनिटं मागा, सबंध सत्र मागू नका. सगळ्या विभागांच्या मागे लागण्यापेक्षा एक गाठा, ज्यांना स्वतःला संदर्भ नीट लागतात असे. सुरुवातीची पाच मिनिटं तुम्ही बोला, नंतर प्रत्येक मूल स्वतःच्या विषयाचा तो कागद भरेल आणि तुम्ही बाकांमधून फिराल. विषय तुम्ही नेलेला नको. माझ्या डेमोतले शोध नेहमी यशस्वी व्हायचे, कारण मी ते आदल्या रात्री करून बघितलेले असायचे. मुलांना वाटायचं, मॅडमना एका फटक्यात सापडतं, आपल्यालाच सापडत नाही. नंतर मी वर्गानं दिलेला विषय तिथल्या तिथे शोधायला लागले. पहिले तीन प्रयत्न फसायचे, सर्वांसमोर. त्या दिवसापासून प्रश्न यायला लागले.

प्राध्यापकांकडे आणखी एक गोष्ट मागा, ही जास्त महत्त्वाची. ‘किमान दहा संदर्भ हवेत’ ही अट काढायला लावा. या अटीतून भरताड जन्माला येते. तीन लेख वाचलेले आणि सात नावं चिकटवलेली. त्याऐवजी चारच संदर्भ मागावेत आणि प्रत्येकापुढे दोन ओळी : हा कसा सापडला आणि यातलं नेमकं काय वापरलं. सोबत एका पानाची शोधनोंद, कोणते शब्द टाकले, कोणते फसले. यालाही गुण द्यावेत, निदान पाच. ज्याला गुण नाहीत ते मूल करत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

एआयवर बंदी घालू नका. ती पाळली जाणार नाही आणि मुलं तुमच्यापासून लपवायला शिकतील. त्यांना एक खरी गोष्ट सांगा. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात ‘माता विरुद्ध एव्हियान्का’ या खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीनं दिलेले निवाडे दाखले म्हणून सादर केले. ते निवाडे कधी झालेच नव्हते. न्यायालयानं ५,००० डॉलरचा दंड केला. पण मुलांना रस वाटतो तो पुढच्या तपशिलात. त्यांतल्या एका वकिलानं ‘हा खटला खरा आहे का?’ असं त्या चॅटजीपीटीलाच विचारलं होतं आणि त्यानं ‘हो’ म्हटलं होतं. साक्षीदाराच्या खरेपणाची खात्री त्याच साक्षीदाराकडून करून घेतली! चॅटजीपीटीसारखं एआय पुढचा शब्द कोणता शोभेल ते ठरवून वाक्य बनवतं. संदर्भाचा आकार त्याला पाठ असतो. लेखकाचं नाव, साल, जर्नल, खंड, पानं, सगळं जागच्या जागी. निबंध मात्र नसतो.

तपासायला दोन मिनिटं लागतात. डीओआय, म्हणजे ‘१०.’नं सुरू होणारा तो लांबलचक क्रमांक, डीओआयच्या संकेतस्थळावर टाकायचा. काहीच उघडलं नाही, तर संशय घ्यायचा. काही उघडलं, तरी थांबायचं नाही, शीर्षक जुळतंय का ते बघायचं. बनावट संदर्भाला कधीकधी दुसऱ्याच लेखाचा खरा डीओआय चिकटलेला असतो. डीओआय नसेल, तर शीर्षक अवतरणचिन्हात शोधायचं आणि त्या जर्नलच्या त्याच अंकात जाऊन बघायचं. वर्गात हा खेळ घ्या. सहा संदर्भ फळ्यावर लिहा, त्यातले दोन खोटे. कोणते ते शोधा म्हणावं. प्रश्नमंजूषेपेक्षा यात मुलं कितीतरी अधिक रमतात. आणि एआयचा चांगला उपयोगही दाखवा : वर सांगितलेल्या कागदावर ‘या कल्पनेला या क्षेत्रात आणखी काय म्हणतात?’ हे विचारायला ते उत्तम आहे. शब्द त्याच्याकडून घ्यावेत आणि त्या शब्दांनी लेख आपण शोधावेत.

आता पारखण्याबद्दल थोडं. २००४ पासून ‘क्रॅप’ नावाची यादी फिरते आहे : ताजेपणा, संबंध, अधिकार, अचूकता, हेतू. वाईट नाही. पण मुलं ती एकाच पानावर बसून भरतात. पान देखणं आहे, खाली संस्थेचं नाव आहे, संदर्भ आहेत, सगळ्यावर बरोबरची खूण. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये एक प्रयोग मांडला. ४५ जण घेतले : १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी. त्यातलं एक काम असं होतं, की बालरोगतज्ज्ञांच्या दोन अमेरिकी संघटनांच्या पानांपैकी अधिक विश्वासार्ह कोणतं ते सांगा. एक होती १९३० पासूनची, हजारो सदस्यांची मुख्य संघटना. दुसरी २००२ मध्ये तिच्यातून फुटून निघालेला छोटा गट, नाव मात्र जवळपास तसंच भारदस्त. विद्यार्थी आणि काही इतिहासकारसुद्धा त्या पानावरच वरपासून खालपर्यंत वाचत राहिले आणि फसले. तपासनीस काही क्षणांत पान सोडून बाहेर पडले, नवीन टॅब उघडले आणि या संघटनेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते बघू लागले.

मी याला आडवं वाचन म्हणते. आधी आडवं, मग उभं. मुलगा किंवा मुलगी कशी आहे, हे त्यांच्याच घरी विचारलं तर काय कळणार? शेजारी विचारावं लागतं.

इथे ‘डेटाबेसमधलं सगळं खरं, गुगलवरचं सगळं खोटं’ असं मात्र कृपा करून शिकवू नका. लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा तो कुप्रसिद्ध निबंध १९९८ मध्ये द लॅन्सेटमध्ये, म्हणजे अगदी मानाच्या जर्नलमध्ये आला होता. त्यात मुलं होती १२. तो मागे घेतला गेला २०१० मध्ये. पीडीएफ आधी उतरवून ठेवली असेल, तर तिच्यावर ‘मागे घेतला’ हा शिक्का आपोआप उमटत नाही. संदर्भ साठवायला झोटेरो वापरलं, तर मागे घेतलेल्या निबंधावर ते इशारा दाखवतं. मोफत आहे. मुलांना तेवढ्यासाठी नाही, तरी संदर्भसूची आपोआप तयार होते म्हणून आवडेलच.

राहिले प्राचार्य. त्यांचा प्रश्न गैर नाही, फक्त अहवाल अर्धवट वाचला गेलाय. ‘काउंटर’ या वापर मोजण्याच्या प्रमाणित पद्धतीच्या अहवालात उघडलेल्या लेखांशिवाय शोधांची आणि नाकारलेल्या प्रयत्नांचीही संख्या मिळते. शोध भरपूर आणि उघडलेले लेख मूठभर असतील, तर मुलं आली होती आणि शब्दांवर किंवा कुलपावर अडली. नाकारलेले प्रयत्न पुष्कळ असतील, तर त्यांना हवं असलेलं बहुधा तुमच्या वर्गणीत नाही. शोधच नसतील, तर दार सापडलेलं नाही. या तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत आणि एका आकड्यात ते दिसत नाहीत. त्यांच्याकडे एका सत्राची मुदत मागून घ्या. त्या एका वर्गाच्या मागच्या वर्षीच्या आणि या वर्षीच्या संदर्भसूच्या शेजारी-शेजारी ठेवा, नावं झाकून. प्राचार्य कोणत्याही विषयाचे असले, तरी फरक त्यांना वाचता येईल.

आणि लॉगिन दुरुस्त करून, वर्गात जाऊनही एखादा डेटाबेस रिकामाच राहिला, तर तो खरंच बंद करा. चकचकीत करार आपल्या अभ्यासक्रमाला उपयोगी असतोच असं नाही. वाचलेले पैसे दुसरीकडे लावा. ग्रंथालयाच्या पानावर आर्काइव्ह (arXiv, प्रकाशनपूर्व शोधनिबंधांचा संग्रह), पबमेड सेंट्रल (वैद्यकीय लेखांचा संग्रह), मुक्त जर्नल्सची निर्देशिका असलेलं डोआज हे सगळं तर मोफतच जोडता येतं. वर्गणीच्या नादात आपण ते विसरतो.

व्हिडिओंबद्दल तुमचे सहकारी बरोबर आहेत, फक्त ‘आमच्या ग्रंथालयात आपले स्वागत आहे’ असा नको. दोन मिनिटांच्या आत, एका व्हिडिओत एकच अडचण. मूल जिथे अडतं त्याच पडद्यापासून सुरुवात, संगीत नको. दुवा प्रकल्पाच्या सूचनापत्रातच द्या, ग्रंथालयाच्या पानावर कोणी शोधत येणार नाही. डेटाबेसचे पडदे बदलत राहतात, म्हणून दर वर्षी नव्यानं करावे लागतील असे साधेच करा. पहिला ‘हा लेख विकत घ्या’ या पाटीचा. आणि त्यात आवाज तुमचा नको. ती चार मुलं तोवर शिकलेली असतील, त्यांच्यापैकी कोणाला तरी बोलायला लावा. अडखळली, तर अडखळू द्या, ते कापू नका.